पेन्सिलीखालचं कासव

भंडारा
२६ नोव्हेंबर १९९६

ती. भाऊसो मामांना,
संघप्रियाचा सविनय जयभीम.

सुखरूप पोहोचले. आईने बांधून दिलेला चिवडा मनमाडपर्यंतच पुरला, कारण समोरच्या बाकावरचं कुटुंब फार बोलकं होतं.

आता कामाचं. निघताना सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण त्या वेळी तुमचं अर्धं लक्ष गिऱ्हाइकाकडे होतं. माझ्या एम. फिल.चा विषय कृष्णेतली मऊ पाठीची कासवं हा आहे. उदगावच्या खाली, जोतीरामभाऊंच्या वांग्यांच्या मळीला लागून जो डोह आहे, तिथे किती कासवं उरली आहेत ते मला सांगायचं आहे. सुट्टीत मी बारा दिवस काठावर बसले आणि पाण्यावर आलेलं नाकाचं टोक तेवढं चार वेळा पाहिलं. एकच कासव चार वेळा वर आलं की चार कासवं एकेकदा, हे नाकावरून सांगता येत नाही.

जोतीरामभाऊ म्हणतात, थंडीत ऊन वर आलं की कासव पाण्याच्या मोटारीच्या कट्ट्याखालच्या दगडावर येऊन बसतं. मला इथून हलता येणार नाही. कॉलेजात मी अजून तात्पुरती आहे. जून अठ्ठ्याण्णवच्या आत एम. फिल. हातात पडली तर जागा कायम होईल, नाहीतर ती दुसऱ्याला देतील, हे प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

म्हणून तुम्हाला गळ घालते. वर्षभर, जमेल तेव्हा, त्या दगडावर आलेल्या कासवाचा फोटो काढा. पाठ आणि डोकं नीट दिसायला हवं. फोटोच्या मागे तारीख आणि वेळ लिहा. बाकी काही करायची गरज नाही.

मामींना जयभीम. आईच्या गुडघ्याला तेल लावून देताय ना?

तुमची,
संघप्रिया

*

जयसिंगपूर
२२ डिसेंबर १९९६

चि. प्रियास मामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मामा म्हणून आणि एकदा फोटोग्राफर म्हणून. मामाला बरं वाटलं. फोटोग्राफर म्हणाला, हे काय काम झालं? पंचवीस वर्षं मी स्टुडिओ चालवतो. नवरा, नवरी, बारशाचं पोर, निवडणुकीला उभा राहिलेला माणूस, इतकंच काय तिरडीवरचा माणूस, सगळे माझ्या कॅमेऱ्यापुढे गप बसले. तिथं कासवाची काय कथा, असं म्हणून लुना काढली आणि गेलो.

सलग तीन रविवार कासव आलं नाही. चौथ्या रविवारी जोतीराम वांगी तोडता तोडता म्हणाला, "फोटोवालं, तुमी लग्नाला आलाय व्हय? ह्यो पांढराफेक इस्त्रीचा शर्ट बघून माणूस बिचकंल, त्ये तर कासव हाय." मग त्यानंच एक गोणपाट पाण्यात बुचकळून माझ्या डोक्यावर टाकलं. डिसेंबरातली सकाळ, वर ओलं गोणपाट, खाली थंडगार कट्टा. तुझ्या मामीला यातलं काही सांगू नकोस.

तासाभरानं आलं. आधी नाक, मग भाकरीच्या परातीएवढी पाठ, आणि मग मान. मान केवढी लांब असते गं त्याची! माझ्यापासून बारा फुटांवर ते दगडावर चढलं, चारी पाय सैल सोडले आणि डोळे मिटले. खरं सांगतो, मी बटण दाबायचं विसरलो. आजवर माझ्यापुढे जो बसला तो फोटो काढून घ्यायला बसला. हे आपलं स्वतःसाठी बसलं होतं.

मग भानावर येऊन दाबलं. त्या आवाजानं ते असं गेलं की दगडावर ओल तेवढी राहिली.

फोटो सोबत पाठवतो. माझा जुना डबा कॅमेरा, मोठी फिल्म आणि ब्लॅक अँड व्हाइट, कारण धुण्यापासून छापण्यापर्यंत सगळं माझ्या हातात राहतं. माझ्या दुकानातून जसं काम जातं तसंच हे गेलं आहे, त्यात भाची म्हणून कसूर केलेली नाही. तुझ्या मॅडमना दाखव.

आक्काताईचा गुडघा बरा आहे. ती म्हणते, पोरगी पत्रात पहिल्यांदा कासवाला विचारते आणि शेवटी आईला.

तुझा मामा,
भाऊसो

*

भंडारा
१५ जानेवारी १९९७

ती. मामांना सविनय जयभीम.

फोटो मिळाला आणि मी वर्गात शिकवायचं सोडून तोच बघत बसले. मी पाहिलेल्या कुठल्याही पुस्तकात इतका जवळून घेतलेला फोटो नाही. शेपूट आखूड दिसते, म्हणजे मादी असावी. पाठ किती नितळ आहे हो! मी तिला 'अ' असं नाव दिलं आहे. शास्त्रात भावना चालत नाहीत म्हणून अक्षरावर भागवायचं.

माझ्या मार्गदर्शक घोरपडे मॅडमना फोटो दाखवायला पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "तुझ्या मामांना माझा नमस्कार सांग आणि त्यांना थांबू देऊ नकोस." मॅडम सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. माझ्या पहिल्या प्रकरणावर त्यांनी लाल शाईने इतकं लिहिलं होतं की माझी निळी अक्षरं शोधावी लागत होती.

ओल्या गोणपाटाखाली बसताना आत स्वेटर घाला.

तुमची,
संघप्रिया

*

जयसिंगपूर
२० एप्रिल १९९७

चि. प्रियास आशीर्वाद.

दोन फोटो पाठवतो. एक फेब्रुवारीतला आणि एक याच महिन्यातला. फेब्रुवारीतला मनासारखा झाला आहे. एप्रिलचा जरा घाईत गेला, कारण लग्नसराई सुरू आहे आणि दुकानात स्थळाच्या फोटोंची रांग लागली आहे. तुला माहीत आहेच, कबनूरपासून उचगावपर्यंतचे लोक मुलीला घेऊन माझ्याकडे येतात. भाऊसोच्या हातचा फोटो गेला की पाहुणे बघायला येतातच, अशी दुकानाची ख्याती आहे. पेन्सिलीला टोक काढून काढून बोटं काळी झाली आहेत.

नितळ म्हणालीस ते वाचून छाती फुगली. मामीलाही वाचून दाखवलं.

तुला एक सांगायचं आहे. फोटो मिळाला तरी मी आता लगेच उठत नाही. कॅमेरा बाजूला ठेवून नुसता बसतो. परवा जोतीरामनं मोटार चालू करायला कट्ट्यावर पाय ठेवला, मला बघितलं आणि परत वांग्यांत गेला. पाऊण तास त्यानं पाणी थांबवलं. नंतर म्हणाला, "बसू दे की. वांगी काय पळून चालली न्हाईत." मी त्याचाही एक फोटो काढून दिला. त्याच्या कपाळावरची खोक दिसत नाही त्यात, एकदम पाटील दिसतो. बायकोनं ओळखला नाही म्हणे.

तुझा मामा,
भाऊसो

*

भंडारा
९ नोव्हेंबर १९९७

ती. मामांना सविनय जयभीम.

मे महिन्यात पेपर तपासायचे होते आणि दिवाळीत परीक्षेचं काम लागलं, त्यामुळे वर्षभर येताच आलं नाही. पण तुमचा ऑक्टोबरचा फोटो आला आणि काम पुरं झालं.

मामा, डोहात चार कासवं आहेत.

मी कसं मोजलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल तुम्ही केवढं मोठं काम केलंत. प्रत्येक कासवाच्या अंगावर जन्मभराच्या खुणा असतात. कुठे वळ, कुठे खाच, कुठे मगरीचा किंवा मोटारीच्या पंख्याचा घाव. माणसाला जसा अंगठ्याचा ठसा तशा त्या. 'अ'च्या पाठीवर काहीच नाही. फेब्रुवारीतल्या 'ब'ला मागच्या कडेला खाच आहे. एप्रिलमधल्या 'क'ला खाच आहे आणि पाठीवर दोन वळ आहेत. ऑक्टोबरमधल्या 'ड'ला खाच नाही पण एक वळ आहे. म्हणजे चार फोटो आणि चार वेगळी जनावरं!

मॅडम म्हणाल्या, एवढ्याशा डोहात चार म्हणजे नदी अजून धडधाकट आहे. प्रबंध टायपिंगला दिला आहे. दहा फेब्रुवारीला जमा करायचा, एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा, जूनमध्ये मी कायम. पहिल्या पानावर तुमचं नाव आहे. 'ज्यांच्या नजरेमुळे हे काम झालं ते माझे मामा' असं लिहिलं आहे, आता काही बदलणार नाही.

तुमची,
संघप्रिया

*

जयसिंगपूर
३ डिसेंबर १९९७

चि. प्रियास आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. इकडे सर्व ठीक आहे. थंडी बरी पडली आहे. आक्काताईला मिरजेच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर पट्टा दिला आहे, तो ती बांधत नाही. उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता भरून गेला आहे. दुकानापुढे नवीन रंगीत लॅब झाली, एका तासात फोटो देतो म्हणतात.

तब्येतीला जप. फार जागरणं करू नकोस.

मामा

*

भंडारा
४ जानेवारी १९९८

ती. मामांना सविनय जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर कासवाचं त्यात नावही नाही. माझं काही चुकलं का? पहिल्या पानावर तुमचं नाव टाकलं ते आवडलं नाही का? की दुकानासमोर लॅब झाली त्याचं मनाला लागलं आहे?

प्रबंध बांधणीला जायचा आहे. मॅडमनी सांगितलं आहे की चारही निगेटिव्हवरून ताजे प्रिंट काढून मागवून घे, ते जास्त स्पष्ट येतील. कृपया पंचवीस तारखेच्या आत पाठवा. दहा फेब्रुवारी चुकली तर पुढची तारीख सहा महिन्यांनी, आणि तोवर जून गेलेला असेल.

तुमची,
संघप्रिया

*

जयसिंगपूर
१२ जानेवारी १९९८

चि. प्रियास,

हे पत्र तू एकटी असताना वाच.

डोहात चार कासवं नाहीत. एकच आहे. चारही फोटो तिचेच आहेत.

कसं झालं ते सांगतो. फोटो धुतला की निगेटिव्हवर मी पेन्सिल उमटावी म्हणून औषध चोळतो आणि अगदी बारीक टोकाच्या पेन्सिलीनं डागावर हलक्या रेघा मारतो. छापताना तो डाग नाहीसा होतो. देवीचे वण, पुरळ, जखमेची खूण, डोळ्याखालचं काळं, सगळं जातं. मिरजेला उस्तादांकडे मी हेच शिकलो. ते म्हणायचे, गिऱ्हाईक आहे तसं दाखवलंस तर ते फोटो घेईल, पण पुन्हा तुझी पायरी चढणार नाही. आज माझा हात असा झाला आहे की निगेटिव्ह समोर आला की पेन्सिल आपोआप उचलली जाते.

तुझ्या कासवाच्या पाठीवर तीन लांब वळ आहेत आणि मागच्या कडेला रुपयाएवढी खाच. मला वाटलं, भाचीच्या पुस्तकात जायचं आहे, असं कापलेलं जनावर कशाला? पहिल्या फोटोत मी तिन्ही वळ काढले आणि खाचही भरली. तो तुझा 'अ'. फेब्रुवारीत वळ काढले, खाच भरायची राहिली. एप्रिलमध्ये लग्नसराई होती, एकच वळ काढून सोडून दिला. ऑक्टोबरात खाच भरली आणि दोन वळ काढले. जसा वेळ मिळाला तशी कासवं झाली.

तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो. दोन महिने मूग गिळून बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. कासव काही सांगायला जाणार नव्हतं आणि तुझी नोकरी कायम झाली असती. आताही हे पत्र पेटीत टाकू नये असं वाटतं आहे.

पण रविवारी डोहावर गेलतो. ती दगडावर आली होती. जोतीराम शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "माझ्या बाच्या टायमाला धा-धा असायची हितं. आता ही म्हातारीच ऱ्हायलीया. दुसरं मी चार सालांत बघितलंच न्हाय." मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. तू पण विचारलं नव्हतंस बहुतेक, कागदावर लिहायच्या गोष्टी आपण जोतीरामला विचारत नाही. चार आहेत असं छापून आलं तर त्या एकटीची फिकीर कोण करणार? हे मनातून जाईना.

पेन्सिल टर्पेंटाईननं निघते. चारही निगेटिव्ह मी धुतले आहेत आणि आहेत तसे प्रिंट काढले आहेत. सोबत पाठवतो. ओळीनं मांडून बघ.

तुझी जागा माझ्यामुळे जाईल. याला मी काय भरपाई देऊ, मला सुचत नाही.

मामा

*

भंडारा
२५ जानेवारी १९९८

ती. मामांना,

प्रिंट ओळीने मांडले. तीन वळ, एक खाच, चारही फोटोंत. एकच आहे.

मॅडमना मी तार केली आणि मग सविस्तर पत्र लिहिलं. दहा तारखेला प्रबंध जमा होणार नाही. मी स्वतः येऊन नव्याने निरीक्षण करायचं आणि मग लिहायचं, असं ठरलं. प्राचार्यांनाही सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत, पण जून म्हणजे जून.

यात माझीही चूक आहे. तुमचं काम मला माहीत होतं. फक्त कासवालाही कुणी देखणं करील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

एक गोष्ट मी कधी बोलले नव्हते, ती आज लिहिते. त्र्याण्णव साली तुम्ही माझा स्थळाचा फोटो काढलात. लहानपणी गरम पाणी सांडून माझ्या डाव्या गालावर जो डाग पडला, तो तुम्ही त्यातून काढून टाकलात. मला न विचारता काढलात. पाहुणे फोटो हातात घेऊनच आले होते. मी पोहे घेऊन बाहेर गेले तर मुलाची आत्या फोटोकडे बघत म्हणाली, "फोटुतली पोरगी कुठं हाय? तिला आणा की भायेर." मी म्हटलं, मीच ती. त्यांनी पोहे खाल्ले नाहीत. तुम्ही त्या दिवशी दुकानात होतात, तुम्हाला सगळ्यांनी एवढंच सांगितलं की पत्रिका जुळली नाही. आपल्यात पत्रिका कोण बघतं, मामा? तुम्हीही त्यावर काही विचारलं नाहीत.

मला स्थळ मोडल्याचं दुःख नव्हतं. माझ्याच मामाला माझं तोंड दुरुस्त करावंसं वाटलं, त्याचं होतं. तुम्ही प्रेमाने केलंत हे मला कळतं. कासवाचंही प्रेमानेच केलंत. त्याला काय करायचं ते मला समजत नाही.

तुम्ही खरं सांगितलंत याचे आभार. ते नोव्हेंबरात सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

काही दिवस मला पत्र लिहू नका.

संघप्रिया

*

(पोस्टकार्ड)

गोंदिया
६ एप्रिल १९९९

ती. मामांना जयभीम.

एम. फिल. मिळाली. भंडाऱ्याची जागा गेल्या जूनमध्येच भरली गेली. मी इथे एका शाळेत शिकवते. गेल्या थंडीत मी डोहावर एकोणीस दिवस बसले होते. दुकानावर आले नाही, जोतीरामभाऊंकडे उतरले होते, हे तुम्हाला कळलंच असेल. प्रबंधात लिहिलं आहे : या डोहात एक प्रौढ मादी. परीक्षकांनी विचारलं, "एवढ्या मेहनतीनंतर एकच?" मी म्हटलं, हो, एकच. फोटो तुमचे धुतलेल्या निगेटिव्हचे लावले आहेत आणि खाली तुमचं नाव आहे. पहिल्या पानावरचं वाक्य काढलं आहे. तुमची सहा पत्रं मिळाली.

संघप्रिया

*

जयसिंगपूर
४ सप्टेंबर २००५

चि. प्रियास मामाचा जयभीम.

आक्काताईकडे तुझा फोन नंबर आहे, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण सोबत फोटो आहेत. सहा वर्षांत तू मला दिवाळीच्या दिवाळीला चार ओळी लिहिल्यास आणि मी तेवढ्यात समाधान मानलं. हे पत्र मात्र लांब आहे. पुरं वाच.

यंदाचा पूर तू टीव्हीवर बघितला असशील. आमच्याकडे पाणी दुकानाच्या अलीकडे थांबलं. जोतीरामची मळी बारा दिवस पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर गेलो तर मोटारीचा कट्टा होता, दगड होता, वांग्याचं रोप एक नव्हतं. दगडावर कुणी येईना. मी रोज गेलो. आता चौसष्टावं चालू आहे, लुना जोतीरामचा पुतण्या कृष्णात चालवतो आणि मी मागे बसतो.

मागल्या आठवड्यात कृष्णातनं बातमी आणली की कुरुंदवाडच्या बाजूला, पंधरा-वीस किलोमीटर खाली, एका उसात मोठं कासव सापडलं आहे आणि एका बाईनं ते घरच्या हौदात ठेवलं आहे. लोक हळदकुंकू वाहतात म्हणे. वनखात्याचा एक रखवालदार माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याकडून मी पूर्वी पासपोर्ट फोटोचे पैसे घेतलेले नाहीत. त्याला बरोबर घेतलं आणि निघालो. जाताना तुझ्या त्या प्रिंटपैकी एक खिशात टाकला.

बाईचं नाव धोंडुबाई. कमरेवर हात ठेवून दारातच उभी राहिली. "न्हाय सोडनार पावणं. पुरात आमच्या दारात आलंय, आमचं झालं. तुमचं हाय कशावरनं? कासव काय, सगळी सारखीच."

मी म्हटलं, सारखी नसतात. खिशातला फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं हौदावर वाकून कासवाच्या पाठीवरचं कुंकू पाण्यानं धुतलं. मग बोटानं एकेक वळ मोजला. एकदा पाठीवर, एकदा फोटोवर. तीन. मग मागची खाच बघितली. दारात सगळी गल्ली गोळा झाली होती.

ती म्हणाली, "व्हय की. ह्यो वळ फोटुत हाय तोच हितं हाय. हीच हाय ती. न्ह्या, हिच्या घरला सोडा हिला." आणि वर मलाच दरडावलं, "नीट धरा, म्हातारी हाय ती."

ओलं गोणपाट टाकून वांग्याच्या क्रेटमधून आणली. रखवालदारानं पंचनामा लिहिला आणि संध्याकाळी आम्ही तिला डोहात सोडलं. परवा सकाळी ती दगडावर आली. फोटो क्रमांक एक हौदातला, फोटो क्रमांक दोन परवाचा. वळ मोजून घे.

प्रिया, मी हौदाजवळ उभा होतो आणि मला शरम वाटत होती. तीस वर्षांवर मी जे फोटो काढले त्यांत माणसं ओळखू येऊ नयेत अशीच मेहनत घेतली. माझ्या फोटोवरून हरवलेलं कुणी सापडलं असतं असं मला वाटत नाही. एवढ्या वर्षांत ही एक सापडली, आणि ती का सापडली तर तू मला पेन्सिल पुसायला लावलीस म्हणून.

घरी येऊन जुने खोके काढले. त्र्याण्णव सालचा तुझा निगेटिव्ह सापडायला दोन दिवस लागले. कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवून तो धुतला. माझी पेन्सिल इतकी दाट होती की तीनदा धुवावा लागला. मग डार्करूममध्ये, हात थरथरतो तरी, स्वतः प्रिंट काढला. कागद पाण्यात हलवत होतो आणि तुझा गाल हळूहळू वर आला, आहे तसा. मी बारा वर्षांपूर्वी हा चेहरा बघितला होता, निरखून बघितला होता, कारण डाग शोधायला निरखावं लागतं. पण तुझ्याकडे बघितलं नव्हतं. त्या दिवशी तुला बघायला आलेल्या आत्याबाईआधी तुझा अपमान मी केला होता. मला माफ कर.

फोटो क्रमांक तीन तो आहे. कुणाला दाखवायला नाही. तुझा आहे, माझ्याकडे राहून गेला होता, तुला परत पाठवतो.

तुझा मामा,
भाऊसो

*

गोंदिया
१९ सप्टेंबर २००५

ती. भाऊसो मामांना,
संघप्रियाचा सविनय जयभीम.

पाकीट मिळालं. पहिल्या दोन फोटोंतले वळ मोजले. बरोबर आहेत. आता तिच्या फोटोंची एक वही करायला हवी, तारीखवार, आणि ती जोतीरामभाऊंच्या घरी ठेवायला हवी.

तिसरा फोटो बराच वेळ बघितला. बावीस वर्षांची असताना मी कशी दिसत होते हे मला माहीतच नव्हतं. घरात त्या वर्षाचा दुसरा फोटो नाही, तुमचा तेवढा होता आणि त्यात मी नव्हते. मामा, मी चांगली दिसत होते हो. हे मला आज, चौतिसाव्या वर्षी कळलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

माझा राग गेला आहे. कधी गेला ते सांगता येत नाही, पण आज शोधला तर सापडला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत येते आहे. एकोणतीस ऑक्टोबर, महाराष्ट्र एक्स्प्रेस. या वेळी तुमच्याकडेच उतरणार आहे, मामींना तसं सांगा. हात थरथरतो म्हणता, तर बटण मी दाबीन. बसायचं कसं ते तुम्ही शिकवा.

तुमची,
प्रिया